प्लास्टिकची काच

पहिल्याच दिवशी कौसामावशींनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या समोरच्या दातावर वाजवला. टक टक. मग तोंड वाकडं करून परत दिला. "प्लास्टिक! येवढं शिकून डोळ्यावर ह्ये घालता व्हय?" मी तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीची मॅडम म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नाशिकहून रोज यायचे, काखेत फाईल आणि डोक्यात पुस्तकातलं ज्ञान.

मावशी पहिल्या टेबलाच्या प्रमुख. घड हातात घ्यायचा, एकदा फिरवायचा, चिरलेला, डागाळलेला मणी कात्रीनं उडवायचा, की घड पुढं. मी पाच मिनिटं निरखून जो डाग शोधायचे, तो त्यांनी केव्हाच कापलेला असायचा. "मॅडम, तुमी बघता. मी वळखते," असं वर ऐकवायच्या. राग यायचा, पण खरं होतं.

काचेच्या भिंगांचं त्यांचं वेड उगाच नव्हतं. गावातल्या शिबिरात त्यांना पहिला चष्मा मिळाला तो प्लास्टिकचा. बाग म्हटली की धूळ आली, गंधकाची भुकटी आली, आणि मावशींचा हात सारखा पदराकडे. कोरड्या पदरानं घासून घासून एका हंगामात चष्मा पार आंधळा झाला. नासके मणी सुटायला लागले. "म्हातारीचे डोळे गेले," म्हणत मुकादमानं त्यांना टेबलावरून उठवून बाहेर क्रेट धुवायला बसवलं. डोळे नव्हते गेले, चष्मा गेला होता. पण ऐकतो कोण? पुढच्या हंगामात काचेचा चष्मा घालून त्यांनी आपली जागा परत मिळवली. "जड हाय, नाकाला वळ पडत्यात. पडू दे. पन मला परत क्रेट नाय धुवायचं," त्या म्हणायच्या.

आणि नेमका मीच तो नियम आणला. परदेशी जाणाऱ्या मालाजवळ काच नको. बल्ब झाकले, पाण्याचे ग्लास बाहेर गेले, आणि बायकांच्या बांगड्याही. बांगड्यांवरून बायका अशा भडकल्या की मी ऑफिसात जाऊन बसले. मावशींनी आधी स्वतःच्या बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. "घरी जाताना घालायच्या. नवरा काय हितं बघाया येतोय?" सगळ्या हसल्या, आणि कुरकुरत का होईना, एकेकीनं काढल्या.

मग चष्म्यांची यादी करायची होती. रकाना होता: काच की प्लास्टिक? आपण प्लास्टिकच्या भिंगालाही सर्रास 'चष्म्याची काच' म्हणतो, त्यामुळे मावशींच्या चष्म्याबद्दल कुणालाच काही खटकलं नाही. मला मात्र पक्कं माहीत होतं. ऐन हंगाम, आणि त्यांच्याशिवाय पहिलं टेबल म्हणजे आनंदच. आणि मावशी परत क्रेटवर जाणार, तेही मला नको होतं. मी त्यांच्या नावापुढं गुपचूप 'प्लास्टिक' लिहून टाकलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मावशींचा जड चष्मा नाकावरून घसरला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. कोपऱ्यातून नखाएवढी कपची उडाली. "थांबा! कुनी घडाला हात लावू नका!" मावशी ओरडल्या. आमचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, धावत आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, प्लास्टिकचा आहे. काही होत नाही."

"काच हाय ती," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

अर्धा तास शोधूनही कपची सापडली नाही. "माल धुऊन घेऊ," भाऊ म्हणाले. "तुमच्या नातीला चाराल का त्यातला घड?" मावशींनी विचारलं. भाऊंनी क्रेट उचलायला सांगितले. टेबलावरचा सगळा माल खड्ड्यात गेला. मला ते काय बोलले ते इथं लिहीत नाही. मावशींना म्हणाले, "आठ दिवस देतो. प्लास्टिकच्या चष्म्यानं काम असंच झालं तर टेबल तुमचं. नाहीतर क्रेट."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाशकात मेनरोडला चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मावशी, ही घ्या प्लास्टिकची काच, एकदम भारी."

"काच का प्लास्टिक? येक काय त्ये बोल."

त्यानं वरचा लेप दाखवला, ओरखडे कमी पडतात म्हणाला. "कमी म्हंजी पडत्यात," मावशी म्हणाल्या. "कोरडं पुसलं तर पडणारच. आधी पाण्यानं धुवायचं, मग मऊ फडक्यानं टिपायचं," दुकानदार म्हणाला. मावशींनी चष्मा नाकावर चढवून पाहिला. "म्हंजी चष्मा बदलून भागायचं नाय. मलाच बदलाया लागंल," त्या म्हणाल्या, आणि घेतला.

वीस वर्षांचा हात असा ऐकतो होय? भिंग धुरकटलं की तो पदराकडे जायचाच. मावशींनी पदर खोचून वर सेफ्टीपिना मारल्या. हात पिनेला अडला की स्वतःलाच शिवी हासडायच्या आणि तरातरा नळाकडे चालू लागायच्या. दिवसातून दहादा. "मावशी, चष्म्याला आंघोळ घातली का?" पोरी चिडवायच्या. "तुज्यापरीस जास्ती येळा," उत्तर तयार.

आठव्या दिवशी भाऊ स्वतः टेबलाशी उभे राहिले. मावशींनी तपासलेल्या क्रेटमधला घड न् घड त्यांनी उलटसुलट करून पाहिला. एकही वाईट मणी निघाला नाही. "चालू द्या," एवढंच बोलून ते गेले. मला रडूच फुटलं. मावशींनी पुढचा घड उचलला.

जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ती यादी काढा." मी काढली.

"माज्या नावाम्होरं काय हाय?"

"प्लास्टिक. आता बरोबरच आहे की, मावशी."

"बरुबर नाय. ज्या दिशी लिवलं त्या दिशी खोटं व्हतं. खोडा."

मी 'प्लास्टिक' खोडलं.

"आता लिवा."

"काय लिहू?"

"प्लास्टिक."

मी लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं, तरी शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत त्या वाकून बघत राहिल्या.

"आता खाली सही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं सरकवला.

"माजी नाय," मावशी म्हणाल्या. "तुमची."