ताईचं ‘वुड यू लाइक’

माझ्या भावोजींनी अर्ध्या गावाला गोड बोलायला शिकवलं. स्वतःच्या लेकीपुढे मात्र तोंड उघडायची त्यांना चोरी झाली. हे कसं झालं ते मी सांगते, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. त्यांना काही विचारलं तर आधी ते चष्मा पुसतात, आणि चष्मा पुसून होईपर्यंत विचारणारा कंटाळून निघून जातो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली आहे. तिथे त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास चालतो. खाली किल्ली घासायच्या यंत्राची किरकिर, वर बाकांवर नर्स, ड्रायव्हर, हॉटेलात नुकती चिकटलेली पोरं, परदेशात लोकांची मुलं सांभाळायला निघालेल्या बायका. व्याकरण तोंडी लावण्यापुरतं. भावोजींची सगळी भिस्त एका वाक्यावर, ‘वुड यू लाइक’. वुड यू लाइक सम वॉटर. वुड यू लाइक टु सिट डाउन. “एवढं जमलं की कुठेही उपाशी मरणार नाही,” ते सांगायचे. “‘पाहिजे का’ म्हणून तोंडावर फेकायचं नाही. आधी समोरच्याची इच्छा विचारायची.”

“इच्छा विचारत बसलं तर चहा गार होईल,” मी म्हणायचे. खरंच की. आपण ‘चहा टाकते हं’ म्हणतो आणि टाकून मोकळे होतो. नको म्हणणाऱ्याला अर्धा कप जास्तच मिळतो.

ताईने ते वाक्य घरात हत्यारासारखं वापरलं. “अहो, वुड यू लाइक टु टेक कचरा आउट?” म्हटलं की भावोजी मुकाट्याने डबा उचलायचे. एकदा दोघांची चांगलीच जुंपली होती. मी मध्ये पडावं की पळ काढावा या विचारात असताना ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वुड यू लाइक सम मोर भांडण?” भावोजींना हसू फुटलं आणि भांडण तिथेच मेलं. तिच्या त्या वाक्याला शेवटी एक हेलकावा होता. ‘लाइक’वर आवाज जरा खाली यायचा आणि मग उचलायचा, पाहुण्याला हाताला धरून आत घ्यावं तसा. शिकून येणारी गोष्ट नव्हती ती.

म्हणून क्लासच्या कॅसेट तिच्याच आवाजात झाल्या. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला जाड चादर लावून ती बोलायची आणि भावोजी बटणं दाबायचे. पद्धत अशी की ताईने प्रश्न विचारायचा, मग कोरी जागा सोडायची, आणि शिकणाऱ्याने त्या जागेत उत्तर द्यायचं. पण ताई कोऱ्या जागेत गप्प बसेल तर ती ताई कसली! “अहो, दूध बघा!” “मेला हा डास!” “उठली वाटतं चिऊ.” चिऊ म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती. असलं सगळं त्या कॅसेटमध्ये शिरलं. भावोजी कुरकुरले, पण पुन्हा करायला वेळ कोणाला होता? वर्गात ‘दूध बघा’ आलं की पोरं खिदळायची, आणि ताई मागे उभी राहून त्यांच्याहून मोठ्याने हसायची.

चिऊला धड चालता येत नव्हतं आणि ताई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. यावर मी जास्त लिहिणार नाही. माझा अजूनही जीव जळतो.

क्लास काही दिवसांनी पुन्हा सुरू झाला. कॅसेट लावली, ताईने विचारलं, “वुड यू लाइक सम टी?” आणि कोऱ्या जागेत ओरडली, “अहो, दूध बघा!” नवीन पोरं हसली. त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना? पण मेलेल्या बायकोला कोणी हसावं हे भावोजींना सोसलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि एकेक कॅसेट काढून, तिचा मराठी शब्द आला की त्यावर कोरी शांतता भरली. आधी ऐकायचं, जागा हेरायची, मागे न्यायचं, पुसायचं. ते काम त्यांनी देवपूजेसारखं मन लावून केलं. मला कळलं तेव्हा पुसून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते बरंच वाटलं.

पुढे कॅसेटवरून ते सगळं कॉम्प्युटरवर गेलं, मग मोबाइलमध्ये. वर्षामागून वर्षं पोरं येत राहिली, ताईच्या मागोमाग बोलत राहिली. मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आधी एका हॉटेलात वेटरने मला पाणी विचारलं आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. तोच हेलकावा. नंतर दातांच्या डॉक्टरकडची मुलगी. नंतर विम्याच्या ऑफिसातला एक टकला गृहस्थ, “वुड यू लाइक टु वेट?” म्हणाला, आणि त्या मिशीवाल्या तोंडातून माझी बहीण बोलली. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तर पट्टी बांधलेली होती. कॉटजवळ कोणीतरी वाकून म्हणालं, “वुड यू लाइक सम वॉटर?” मी “ताई!” म्हणून ओरडले. ती नर्स घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी माझी शुगर तपासली. आता यांना काय सांगणार, कपाळ?

एखाद्या घरात भूत असतं. आमच्या गल्ल्यागल्ल्यांतून होतं, आणि ते इतकं नम्र होतं की त्याला हाकलताही येईना.

चिऊ याच आवाजाच्या सोबतीने वाढली. शाळेतून आली की वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि कोऱ्या जागेत उत्तरं द्यायची. “यस, प्लीज.” “नो, थँक्यू.” आईशी तिचं एवढंच बोलणं. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मला वाटलं, पोरगी सुटली यातून.

यंदा ती महिन्याच्या लेकीला घेऊन राहायला आली. बाळाला मांडीवर घेऊन ती काहीबाही बडबडायची, ‘गं सोनू’, ‘गं ठमे’, आणि बडबडता बडबडता मध्येच थांबायची. एक दिवस मला म्हणाली, “मावशी, हिच्याशी काय बोलायचं ते कोणी शिकवत नाही, आपोआप येतं म्हणतात. मला कुठून येत असेल? मी आईचं मराठी ऐकलेलंच नाही. एक शब्दसुद्धा नाही. मला फक्त तिचं इंग्रजी माहीत आहे.”

मी कॅसेटमधल्या त्या दुधाबद्दल बोलून गेले. तिचे डोळे एकदम लकाकले. “कुठे आहेत त्या कॅसेट?”

भावोजींनी चष्मा पुसायला घेतला.

“त्यात आता काही नाही,” शेवटी ते म्हणाले. “मी साफ केल्या होत्या.”

“एखादा तरी शब्द राहिला असेल, बाबा. इतक्या कॅसेट होत्या.”

दुपारी आम्ही माळ्यावरून खोकं काढलं. जुना टेपरेकॉर्डर क्लासखालच्या किल्लीवाल्याने स्क्रू पिळून चालू करून दिला. चिऊ बाळाला घेऊन खाली सतरंजीवर बसली, मी तिच्या शेजारी, भावोजी बटणांपाशी. कॅसेट फिरू लागली. ताईचा प्रश्न, मग कोरी जागा. प्रत्येक कोऱ्या जागेत चिऊ श्वास धरायची आणि प्रत्येक वेळी नुसती खरखर यायची. एक बाजू झाली, दुसरी झाली, दुसरी कॅसेट, तिसरी. माणसाने इतकं चोख काम करू नये हो. एक ‘अगं’ तरी सोडायचं होतं.

“तुम्ही माझी आई पुसलीत, बाबा,” चिऊ म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

भावोजी घसा खाकरून म्हणाले, “मला पाठ आहे. सगळं. पुसायच्या आधी दहादा ऐकलंय मी.” आणि त्यांनी म्हणून दाखवलं, “अहो, दूध बघा.”

चिऊ माझ्याकडे बघायला लागली. शब्द बरोबर होते. पण शेवटी तो हेलकावा आला होता, ‘वुड यू लाइक’चा. दूध उतू जाताना कोणी असं लाडीगोडीने ओरडतं का? “तशी नव्हती ती म्हणत,” मी फटकन म्हणाले, “अशी म्हणायची.” आणि मी तोंड उघडलं. माझ्याही तोंडून तोच हेलकावा निघाला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तोच. पाठची बहीण मी तिची, एका पांघरुणात झोपलेली, तिच्या शिव्या खाल्लेली. आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून त्या कॅसेटने माझ्या डोक्यातली खरी ताई खाऊन टाकली होती. तिचं मराठी कसं होतं ते मला आठवत नव्हतं. भावोजींनाही आठवत नव्हतं. ते त्या क्षणी त्यांना कळलं आणि त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

कोणी टेप बंद केला नव्हता. ती मुलं सांभाळायला जाणाऱ्या बायकांची कॅसेट होती. बाटली, बाबागाडी, आंघोळ, एकेक प्रश्न येत होता आणि खरखर होत होती. बाळ कुरकुरायला लागलं. चिऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

“वुड यू लाइक मी टु होल्ड द बेबी?” ताईने विचारलं.

भावोजी बटणाकडे झेपावले. मी त्यांचं मनगट धरलं.

चिऊने टेपकडे पाहिलं. मग दोन्ही हातांवरचं बाळ हळूच पुढे केलं आणि म्हणाली, “घे ना, आई. मानेखाली हात धर हं, अजून मान धरत नाही ती.”