लाल तारखेचं लग्न

अव्यवस्थितपणाचं विद्यापीठ कुठे निघालंच, तर त्याचा पहिला कुलगुरू म्हणून माझ्या साळ्याची निवड बिनविरोध होईल, आणि पदभार घ्यायला तो भलत्याच दिवशी भलत्याच गावी जाऊन बसेल. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांची भाजीपाल्याची वाडी आहे. वर्धेची बस घरासमोरून जाते, पण ती वेळेवर मिळाल्याचं त्याच्या आयुष्यात घडलेलं नाही. दोन पायांत दोन वेगळ्या चपला ही त्याची ओळख. चष्मा हरवला की तो चष्मा लावून शोधतो. पिपरी मेघेला आमच्याकडे कायमचा राहायला आला, त्या दिवशी त्याने पिशवी उघडली तर आत मेथीच्या जुड्या निघाल्या. कपड्यांची पिशवी सासरेबुवा बाजारात घेऊन गेले होते. तिथे मेथी मागणाऱ्या एका बाईंच्या पुढ्यात त्यांनी याची बनियन काढून ठेवली, हे त्या बाई अजूनही बायकोला भेटल्या की सांगतात.

आणि हा माणूस पोटापाण्यासाठी काय विकतो, तर व्यवस्थितपणा. फोनवर उघडायचे तयार तक्ते तो बनवतो. रकाने आधीच आखलेले असतात. धंदेवाल्याने फक्त नाव, काम आणि तारीख भरायची. तक्ता वेळेवर आठवण करून देतो आणि एका दिवसाला झेपेल त्यापेक्षा जास्त काम घेतलं की ती तारीख लाल करतो. साळा त्याला टेम्प्लेट म्हणतो, त्याची गिऱ्हाइकं शीट म्हणतात आणि सासरेबुवा 'ते तुह्यं' म्हणतात. पैसे फोनवर येतात, माल फोनवर जातो. हे सासरेबुवांना कधीच पटलं नाही. एकदा आमच्या ओसरीवर बसून ते म्हणाले, "मी वांगं इकलं का वांगं जाते. तू हे इकते, तरी ते तुह्यापाशीच राह्यते. मंग इकलं काय तू?" साळ्याने डोकं खाजवलं. मीही खाजवलं. शेवटी पोरगा लोकांना फसवतोय या धास्तीने त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. वर्धेतलं कोणी शीट घेतलं की त्याच्या घरी सांबाराची एक जुडी पोचती करायची. गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. त्यामुळे जगात बहुधा एवढाच एक संगणकी धंदा असेल, ज्यात मालासोबत ताजी कोथिंबीर मिळते.

सुरुवातीला मात्र त्याचा माल कोणी घेईना. त्याने कुठून तरी परदेशी तऱ्हेचे तक्ते उतरवले होते. त्यांत 'या आठवड्याचं ध्येय', 'आज मी किती पाणी प्यालो' असले रकाने. ते घेऊन तो वर्धेतल्या एका बिछायतवाल्याकडे गेला. बिछायतवाला म्हणजे लग्नाचा मंडप, गाद्या, खुर्च्या पुरवणारा. मी सोबत होतो. त्याने तक्ता नीट पाहिला, चहा पाजला आणि विचारलं, "सारं बेस हाये भाऊ. पण यात माह्या गावचा सरपंच कुठी लिहू?"

"म्हंजे?"

"त्याले नाई म्हणता येत नाई ना. तारीख भरली असली तरी तो येते. मंग साडू येते, मंग बायकोचा मामा येते. एका मंडपात मी तीन लग्नं लावू का?"

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. माझा साळा चहा तसाच ठेवून उठला, परत येताना चुकून बिछायतवाल्याची चप्पल घालून आला आणि त्या रात्री आमच्या वरच्या खोलीत बसून त्याने एक नवा रकाना आखला. त्याचं नाव 'नाई म्हणता येत नाई'. त्यात नियम एकच. अख्ख्या लग्नसराईत त्या रकान्यात एकच नाव बसतं. त्या एकासाठी थोडं सामान आणि दोन माणसं राखून ठेवायची. बाकी तारीख लाल झाली की साडू असो की सरपंच, फोन समोर धरायचा आणि म्हणायचं, "मी कुठी नाई म्हणून राह्यलो? शीट लाल झाली."

आमच्याकडच्या माणसाला सगळं देता येतं, नकार तेवढा देता येत नाही. माझ्या साळ्याने तो तयार करून विकायला काढला. बघता बघता बिछायतवाले, आचारी, बँडवाले, ब्लाउज शिवणाऱ्या बाया सगळे त्याची गिऱ्हाइकं झाले. आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताई मला म्हणाल्या, "तुमच्या साळ्यानं मले झोप देल्ली. आता लाल दाखोते अन् दार लावते." बायकोचा ऊर भरून आला. तिच्या फोनवरही त्याने एक तक्ता बसवला होता. 'या आठवड्यात वांग्याची भाजी परत झाली आहे' अशी सूचना त्यात येई. ती सूचना आली त्या दिवशीही आम्ही वांगीच खाल्ली.

धंदा असा फळफळला, पण लग्न जमेना. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'रकाने विकतो' हे उत्तर ऐकून पाहुणे चहाही न संपवता उठत. शेवटी सेलूकडच्या एका मुलीने त्यालाच विचारलं, "नेमकं काय करता तुम्ही?" हा तासभर बोलला. ती तासभर ऐकत राहिली. मग म्हणाली, "माह्या आईच्या पापडाच्या ऑर्डरीले बनवून द्याल का?" हा बनवतच घरी आला. तिचे वडील मात्र करडे. ते म्हणाले, "लग्न याच तिथीले. मंडप, पंगत, वाजा सारं रीतसर पाह्यजे. मले भावकीत मान खाली घालाची नाई. नाई जमलं तर आत्ताच सांगजा, दुसरं स्थळ हाये."

"सारं माह्याकडं," साळा म्हणाला. "बुकिंग झालंच समजा."

मी मधूनमधून विचारायचो. तो म्हणायचा, "भाऊजी, टाकून ठेवलं हाये शीटमधी. तुमी चिंता नका करू." व्यवस्थितपणा विकणाऱ्याच्या तोंडून आलेलं वाक्य, म्हणून मी निर्धास्त होतो. हळदीला आठवडा उरला तेव्हा सहज चौकशीला आम्ही दोघे बिछायतवाल्याकडे गेलो. त्याने फोन काढला आणि त्याचा चेहरा पडला. ती तारीख लालभडक होती आणि त्यात साळ्याचं नाव कुठेच नव्हतं.

चूक अशी होती, की ती त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलीही नसती. त्याच्या प्रत्येक तक्त्यात पहिली ओळ नमुन्याची असते. 'शांताबाईच्या मुलीचे लग्न, मंडप मोठा' असं काहीतरी लिहिलेलं, माणसाला कसं भरायचं ते कळावं म्हणून. गिऱ्हाईक ती वाचतं, पुसतं आणि आपलं काम लिहितं. यंदाचे नवे तक्ते पाठवताना या पठ्ठ्याने त्या पहिल्या ओळीत स्वतःचंच लग्न लिहून पाठवलं होतं. बिछायतवाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला, सगळ्यांना. एका फटक्यात सगळीकडे बुकिंग झालं म्हणून तो खूश होता. आणि सगळ्यांनी नमुना समजून त्याचं लग्न पुसून टाकलं होतं.

साळ्याने तो लाल चौकोन निरखून पाहिला. मग तो मला म्हणाला, "पाहा भाऊजी, बराबर लाल झाली." आवाजात अभिमान होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढच्याच क्षणी तो दुकानातल्या गाद्यांच्या थप्पीवर मटकन बसला. सेलूची मुलगी हातातून चालली होती आणि ते त्याला आत्ता कळत होतं. मला एवढी कणव त्याची कधी आली नव्हती. मी विनवणी करणार, तोच त्याने माझा हात धरला. "नोका म्हणू भाऊजी. लाल म्हंजे लाल. मीच शिकवलं हाये त्याईले."

बिछायतवाल्याने फोनवरचा तक्ता बोटाने बाजूला सरकवला आणि शेवटच्या रकान्यावर आणला.

"सरपंच आला, त्याले लाल दाखोलं," तो म्हणाला. "साडू आला, रुसून गेला, अजून बोलत नाई. हा रकाना म्या कोणालेच देल्ला नाई. नाई म्हणता येत नाई ते तुलेच. तुह्यासाठी नाई, तर मंग हा बनवला काह्यले?" आणि जाड बोटांनी चुकत चुकत त्याने माझ्या साळ्याचं नाव टाइप केलं.

तिथून आम्ही आचाऱ्याकडे गेलो. त्याने त्याच रकान्यात दुसऱ्याच कोणाचं नाव लिहिलं होतं. साळ्याला दारात पाहून त्याने आधी सगळं ऐकून घेतलं, मग त्या माणसाला आमच्यासमोरच फोन लावून माफी मागितली आणि नाव बदललं. बँडवाल्याने तर ऐकायच्या आधीच होकार दिला. शिवणकामवाल्या ताईंनी नवरीचे ब्लाउज दार लावून शिवले आणि बाकीच्यांना लाल दाखवलं.

असं लग्न आमच्या घराण्यात पुन्हा होणार नाही. राखून ठेवलेलं सामान एकेकाकडे थोडंच होतं, पण साळ्याला नाही म्हणू न शकणारे एवढे निघाले, की मंडपात खुर्च्या मावेनात. वांग्याची भाजी अशी झाली होती, की बायकोच्या फोनवरची सूचना वाजली तरी तिने ताट पुढे केलं. सेलूचे व्याही ताठ मानेने भावकीत फिरत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या जावयाले कोणी नाईच म्हणत नाई." नवरदेव मांडवात वेळेवर आला. त्याच्या पायांत दोन वेगळ्या मोजड्या होत्या, त्या नवरीनेच पहिल्यांदा पाहिल्या आणि हसू दाबलं.

सासरेबुवा मांडवाच्या दाराशी सांबाराचा ढीग घेऊन उभे होते. जेवून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते एक जुडी देत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मंडप बांधणारे, वाढपी, वाजंत्री, सगळ्यांकडे ते डोळे भरून पाहत होते. "मी म्हणत होतो ना जावाईबापू," ते म्हणाले, "त्यानं इकलं तरी त्याच्यापाशीच राह्यते. पाहा, सारं राह्यलं." आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले.

आता त्याने वर्धेत भाड्याने घर घेतलं आहे. लांबलांबच्या गावांहून त्याला फोन येतात. आमची वरची खोली रिकामी आहे, बायको तिथे पापड वाळवते. परवा माझा फोन बिघडला म्हणून बायकोच्या फोनवरून त्याला बोलावलं, तर म्हणाला, "आज लाल हाये भाऊजी." मी बरं म्हणून फोन ठेवून दिला. वाईट वाटलं, पण शिकवण त्याचीच, बोलणार काय. दिवस कलताना फाटक वाजलं. साळा उभा होता, हातात सांबाराची जुडी.

"अरे, आज लाल होतं ना?"

"हो. पण तो एक रकाना असते ना," तो चपला काढत म्हणाला. "यंदाचा तुमीच खाल्ला."

पुढेमागे त्या रकान्यात त्याच्या लेकराचं नाव येईल. यायलाच हवं. मी त्याच्या चपला पाहिल्या. एक काळी होती, एक तपकिरी. बायकोला हाक मारून म्हटलं, चहा ठेव, आणि आज जेवायला वांगीच कर.