वहिनीला ऐकू येत होतं

नागपूरला एम.डी. झाल्यावर फुप्फुसाचे आजार आणि श्वास बंद पडत आलेले रोगी यांचं पुढचं शिक्षण घ्यायला मी मुंबईला गेलो, ते आमच्या गावात कुणालाच पटलं नव्हतं. वाशीमकडच्या जऊळक्याच्या बाजूचं आमचं गाव. तिथे डॉक्टर म्हणजे सुई देणारा. नुसत्या छातीसाठी आणखी दोन वर्षं कशाला घालवतोस, असं जो तो विचारी. काही जण तर मी परीक्षेत नापास झालो असेन आणि घरच्यांपासून लपवत असेन, असंही बोलत. वहिनीने एकदा विचारलं, एवढं शिकून भाऊजी श्वास घ्यायलाच शिकणार ना, तो तर आपल्या म्हशीलाही येतो. आमची आई मी लहान असतानाच गेली होती. शाळेत जाताना माझ्या दप्तरात भाकर बांधून देणारी वहिनीच होती, त्यामुळे माझी अशी फिरकी घ्यायचा तिला हक्क होता.

सत्तरच्या दशकाचे मधले दिवस ते. मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळातसुद्धा श्वासाची यंत्रं अगदी मोजकी होती, आणि त्यांतलं एखादं नेहमी बिघडलेलं असायचं. मग रोग्याच्या श्वासनळीत नळी घालायची, तिला रबरी फुगा जोडायचा आणि तो हाताने दाबत बसायचं. आम्ही शिकाऊ डॉक्टर पाळीपाळीने बसायचो. किती वेगाने दाबायचा, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर सर म्हणाले, स्वतःचा श्वास बघ आणि तसाच दे. तेव्हापासून मला ती सवयच लागली. मी श्वास घेतला की हात आपोआप दाबला जाई. सरांचा दुसरा हट्ट रोग्याशी बोलत राहण्याचा होता. ठाण्याकडच्या एका पाड्यावरून मण्यार चावलेला एक माणूस आला होता. पापण्या मिटलेल्या, बोट हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन थिजलेल्या. सर त्याच्याशी गप्पा मारत, आणि आम्ही मागे उभं राहून हसत असू. चौथ्या दिवशी नळी निघाल्यावर त्या माणसाने आमच्यातला कोण काय बोलून हसला होता ते खरखरत्या आवाजात सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी मी रजा काढून घरी आलो. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे अर्धं गाव पंगतीला. बायका दोन दिवस राबल्या आणि मग जागा मिळेल तिथे भुईवर सतरंज्या टाकून झोपल्या. सकाळी वहिनीचं पोट दुखायला लागलं. सगळे म्हणाले, उपासावर पुरणपोळी खाल्ली, दुखणारच. ती ओसरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, डोळे कसे जड झालेत, उघडतच नाहीत. तिचा आवाज नाकातून येत होता. मी तिच्याकडे नीट पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि त्या वर न्यायला ती कपाळाला आठ्या घालत होती. अंगावर सूज नाही, जखम नाही. मण्यारीचा दात मुंगी चावल्याइतकाही कळत नाही. मी दादाला ओरडून गाडी आणायला सांगितलं.

दादाने धावत जाऊन जऊळक्याच्या जैन दुकानदाराची जीप आणली. त्या भल्या माणसाने गिऱ्हाईक सोडून स्वतः गाडी हाकली. वाशीमच्या वाटेवर वहिनीने मान टाकली आणि श्वास उथळ झाला. माझ्याजवळ तेव्हा काहीच नव्हतं. मी तिचं नाक दाबून तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि माझा श्वास तिला देऊ लागलो. ज्या घरात वहिनी दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, त्या घरची ही गोष्ट. दादाने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि स्वतःचं तोंड बाहेर, रस्त्याच्या कडेच्या ज्वारीकडे वळवलं. त्याला काय वाटत असेल याचा विचार करायला मला सवड नव्हती, आणि नंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

वाशीमच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस होती, ऑक्सिजनचं नळकांडं होतं, ऑपरेशनच्या खोलीत नळी आणि फुगाही सापडला. यंत्र नव्हतं. मी नळी घातली आणि फुगा दाबायला बसलो. लस दिली. ती लस विष मारते, पण एकदा लुळे पडलेले स्नायू जागे व्हायला त्यांचा त्यांचा वेळ लागतो. तोवर कुणीतरी तिच्यासाठी श्वास घ्यायचा, एवढंच काम. मी दादाला शिकवलं, सिस्टरला शिकवलं. दोघेही मला विसावा मिळावा म्हणून बसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या आई आल्या. रिसोडकडचं त्यांचं गाव, एस.टी. बदलून आल्या होत्या. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. वहिनी त्यांची एकुलती एक. त्यांनी लेकीच्या गालाला हात लावला, हाक मारली. पापणी हलली नाही. मी सांगितलं, मावशी, ती झोपलेली नाही, तिला सगळं ऐकू येतंय, बोला तिच्याशी. पोर वेडं झालं आहे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले. सज्जन माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून बाहुल्या पाहिल्या. त्या मोठ्या आणि थिजलेल्या होत्या. ते मला बाजूला घेऊन हळू म्हणाले की आता देवाचं नाव घ्यावं. मी त्यांना मुंबईच्या त्या माणसाची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले. त्यांना मी दोष देत नाही. असे डोळे पाहिल्यावर कुणीही तेच म्हणालं असतं. मीही दोन वर्षांपूर्वी म्हणालो असतो. पण त्यांचा चेहरा गावाहून आलेल्या आमच्या सगळ्या माणसांनी, बायकांनी दारातून पाहिला होता.

आमच्याकडे माणसाला पलंगावर मरू देत नाहीत. शेवटची वेळ आली की भुईवर घेतात, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालतात. तेवढं झालं नाही तर जीव अडकून राहतो, असं मानतात. मावशींनी कुणाकडून तरी तुळस आणवली होती. त्या दादासमोर उभ्या राहिल्या आणि पदर पसरला.

"जवाईबापू, मोकळी करा माह्या लेकीले. जीव निंगून गेला, हा पोरगा नुसती हवा भरून राह्यला."

दादा माझ्याकडे आला. त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "बस कर आता. सोड तिले."

मी त्या वेळी फार वाईट बोललो. तुम्ही सगळे मिळून जिवंत बाईला मारायला निघालात, असं ओरडलो. ती ऐकते आहे, तुमचा शब्द न् शब्द ऐकते आहे, असंही ओरडलो. सिस्टर धावत आली. दादा भिंतीला टेकून मटकन खाली बसला. मावशी मात्र हलल्या नाहीत. मला रागाने रडू येत होतं, आणि हात चालूच होता, कारण तो थांबला की सगळं संपलं.

शेवटी मीच म्हणालो, घ्या भुईवर. मीही खाली येतो.

तसंच झालं. चौघांनी तिला चादरीसकट उचलून फरशीवर ठेवलं. नळीला धक्का लागू नये म्हणून मी फुगा दाबत त्यांच्याबरोबर वाकत वाकत खाली आलो आणि तिच्या उशाशी मांडी घातली. पाणी तोंडात घालू दिलं नाही. मावशींनी तुळशीचं पान ओठांवर ठेवलं, त्याला मी हरकत घेतली नाही. मग बायका बसल्या आणि रडणं सुरू झालं. आमच्याकडे बायका गेलेल्या माणसाचे गुण सांगत रडतात. मावशी सांगत होत्या, लहानपणी ती कशी न्हाणीघरात लपून बसायची, सासरी जाताना मागे वळून कसं पाहिलंच नाही, का तर माय रडेल म्हणून. जिवंत बाईचं मरणाचं रडणं चाललं होतं आणि मधे बसून मी तिला श्वास देत होतो. बायका रडत असताना मी खाली वाकून तिच्या कानात सारखा म्हणत होतो, वहिनी, यांचं ऐकू नका, मी आहे. इतका एकटा मी आयुष्यात कधी झालो नाही.

दुपार कलली तेव्हा तिच्या पायाचा अंगठा हलला. आधी मलाच भास वाटला. मी म्हणालो, वहिनी, पुन्हा हलवा. पुन्हा हलला. रडणं हळूहळू थांबलं, एकेका बाईचं. मावशींनी तो अंगठा पाहिला, मग ओठावरचं ते पान पाहिलं. पुढे होऊन त्यांनी ते उचललं, मुठीत धरलं आणि बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, देवाला गेल्या असतील. त्या रिसोडच्या एस.टी.त बसून घरी निघून गेल्या होत्या.

वहिनी बरी झाली. नळी निघाल्यावर दादाने तिला विचारलं, तुला काही ऐकू येत होतं का? ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, काहीच नाही, झोपेत होती मी. मलाही तेच सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने तोंड फिरवलं. मग मीही पुन्हा विचारलं नाही. गावात बायका म्हणत, खोटं रडलं की आयुष्य वाढतं, आणि ती हसून म्हणे, मग मी काही आता लवकर मरत नाही.

पण मावशी आमच्या घरी पुन्हा कधी आल्या नाहीत. वहिनी दिवाळीला माहेरी जाई. आई रांधे, वाढे, आणि लेकीच्या तोंडाकडे न पाहता चुलीपाशी बसून राही. वहिनी पुन्हा पुन्हा सांगे, मला काही ऐकू आलं नाही, माय. मावशी म्हणत, डाक्टरपोरगा तर ओरडून सांगत होता. एवढंच. दर दिवाळीला वहिनी ठरल्या दिवसाच्या आधीच परत येई.

मी शिक्षण पुरं करून अकोल्याला राहिलो होतो तेव्हा मावशी गेल्या. झोपेतच गेल्या. तेरावं झाल्यावर मी वहिनीला आणायला रिसोडकडे गेलो. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मग बाहेर पाहतच म्हणाली,

"मले ऐकू येत होतं, भाऊजी. सगळं."

मी म्हणालो, मला माहीत आहे. मावशींनी तसं म्हणायला नको होतं, पण त्यांनाही काय कळणार.

तिने मान हलवली.

"तसं नाई. तुमी हवा कोंबून राह्यले होते, छाती फाटून राह्यली होती, बोट हलवता येत नोतं. मी मनात ओरडून राह्यली होती, सोडा मले, सोडा. कोणालेच ऐकू जात नोतं. अन् तेवढ्यात माय म्हणाली, मोकळी करा माह्या लेकीले. मले वाटलं, मायले ऐकू आलं."

तिच्या कानाशी तर मी बसलो होतो.

तिने पदराने डोळे पुसले. "हे तिले सांगाव म्हटलं तर मले ऐकू येत होतं, हे आधी सांगा लागलं असतं. तिचं रडणं म्यां ऐकलं, हे तिले सहन झालं नसतं. म्हून मी दर दिवाळीले खोटंच बोलली. अन् माय मले तोंड नाई दाखवून राह्यली, तशीच गेली."