सगळ्या गिरणीला सुट्टी देणारं कार्ड

सोलापूरच्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यापाशी बसायला मला नेमलं. सहा महिन्यांच्या बोलीवर. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी. काम एकच: दर आठवड्याला पाळ्यांची यादी छापायची.

कुठल्या खात्याला कोणत्या वारी सुट्टी, हे मी आधी प्रोग्रामच्या पोटातच अकरा ठिकाणी घातलं होतं. तेव्हा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा; वार बदलला की अकरा नव्या कार्डांना भोकं पाडा! मग अक्कल आली. बदलणारं सगळं एका कार्डावर काढलं आणि ते गठ्ठ्याच्या वर ठेवलं. प्रोग्राम तोच, नुसतं वरचं कार्ड बदलायचं. ही युक्ती मी यादीवर सही करणाऱ्या आमच्या साहेबांना इतक्यांदा ऐकवली, की मला पाहून ते वाट बदलायला लागले.

चाचणीसाठी कार्ड वेगळं होतं. त्यात सगळ्या खात्यांना बुधवारीच सुट्टी, म्हणजे घोटाळा झाला तर चटकन दिसावा. हे कार्ड आणि खऱ्या कार्डाची जादा प्रत, दोन्ही एकाच खणात. दिसायला जुळी भावंडं.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली. आपलंही यंत्रच की, म्हणून मी गठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं, वर पळीभर पाणी सोडलं. वरचं कार्ड फुगलं. यंत्र काही ते गिळेना, आणि साहेब तर सहीला पेन उघडून उभे! घाईघाईत खणातलं हाताला लागेल ते कार्ड लावलं, यादी छापली, सही घेतली आणि फाटकावर डकवली.

तासाभरात फाटकाशी शिट्ट्या. मागखात्यातला म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, एरवी यंत्राला शिव्या घालायचा, तो माझी पाठ थोपटत म्हणाला, "लई देवमाणूस हाय की तुमचा कॉम्प्युटर! समद्या गिरणीला एकदम सुट्टी!"

"मामा, यादी चुकलीय."

"चुकंल कशी? खाली सायबाची सही हाय की!"

मी साहेबांकडे धावलो. साहेबांनी लगेच दुसरी यादी लावायला लावली. मी खळ लावत होतो आणि मागून आवाज येत होते, "अवो, बुधवार तेवढा ऱ्हाऊ द्या की!"

मग साहेबांनी खोलीत बोलावलं, दार लावलं.

"न वाचता सही केली हे वर कळलं, तर माझं काय होईल?"

"मी नाही सांगणार, साहेब."

"तुम्ही? कार्डाची युक्ती महिनाभर सांगत फिरलात! बाहेर काढलं तर गावभर सांगाल. त्यापेक्षा इथंच राहा."

कायम केल्याची चिठ्ठी त्यांनी तिथेच लिहिली, मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली आणि मगच तिच्यावर सही केली.