दाखल क्रमांक ४३१२

आमच्या ताईंना घरातल्या डब्यांनाही नंबर लागतात. साखर सात, चहा आठ. मी एकदा साखर आठात भरली, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नात्याने त्या माझ्या थोरल्या नणंद, शाळेत ग्रंथपाल. मी त्याच शाळेत कारकून. म्हणजे घरी सुटका नाही, शाळेतही नाही!

पुस्तक आलं की ताई आधी ते दाखल नोंदवहीत लिहिणार, क्रमांक घालणार, शिक्का मारणार. मग जगबुडी आली तरी ते पुस्तक शाळेचं. तीस वर्षांत त्यांच्या कपाटातून एक पुस्तक गहाळ झालं नाही, आणि हे त्या येता-जाता ऐकवतात.

मागच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नवीन पुस्तकं आता विसरा. इंटरनेटवर सगळं पडलेलं आहे, तुम्ही फक्त वेचायचं." वेचायचं म्हणे! बोलायला काय जातं? ताई महिनाभर एका बोटाने टाइप करत बसल्या. कुठे धडा अर्धाच, कुठे उत्तरच चुकीचं, कुठे आधी नाव-गाव-जन्मतारीख द्या, आणि कुठे धडा उघडला की वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात. चष्मा काढून डोळे चोळत मला म्हणायच्या, "अगं, हे ग्रंथालय आहे की उकिरडा?"

तरी शोधत राहिल्या, त्या बडबडीसाठी. नववीतली मुलगी, तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून हे नाव पडलेलं. आजारपणात तिची नजर गेली, आता नुसता उजेड-अंधार कळतो. बाकीचे विषय मैत्रिणी वाचून दाखवायच्या, ही पाठ करायची. घोडं अडलं ते विज्ञानात, आकृत्यांपाशी. "यंदा नापास झाली तर शाळा बंद," असं तिच्या वडिलांनी माझ्याच टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं.

आणि एक दिवस घबाड हाती लागलं. कुणा निवृत्त गुरुजींनी विज्ञानाचे सगळे धडे आपल्या आवाजात बोलून ठेवले होते, आकृत्यांसकट. "बाळा, तुझ्या डाव्या हाताला एक बाटली आहे असं समज. तिच्या तोंडातून नळी निघते, ती उजवीकडे वाकते..." बडबडी मधल्या सुट्टीत हेडफोन लावून ऐकायची आणि बोटाने हवेत नळी काढायची. तेवढा वेळ मात्र अगदी गप्प. ताईंनी त्या वेबसाइटचा पत्ता लाल शाईने नोंदवहीत उतरवला. दाखल क्रमांक ४३१२. वर शिक्कासुद्धा मारला!

संगणकाचे सर म्हणाले, "बाई, हे सगळं डाउनलोड करून ठेवू या. अर्ध्या तासाचं काम."

"मालकाला न विचारता? ती चोरी झाली," ताई म्हणाल्या. "आणि मी दाखल केलंय ना? कुठे पळून जातंय?"

त्यांनी गुरुजींना परवानगीसाठी ईमेल केला, 'सविनय विनंती' वगैरे सगळं घालून. उत्तर काही येईना. मी घरी भांडले, "अहो ताई, आधी उतरवून तर घ्या, परवानगी मागाहून येईल."

"साखर आठात भरणारीने मला शिकवू नये," त्या म्हणाल्या.

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि एका सोमवारी ते पान उघडेचना. ताईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. नोंदवही मांडीवर घेऊन, एकेक अक्षर जुळवत त्यांनी पाच वेळा पत्ता टाइप केला. शेवटी संगणकाच्या सरांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. तिकडेच काही उरलेलं नाही."

दोन दिवसांनी उत्तर आलं, गुरुजींच्या मुलीचं. "बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. वेबसाइटची मुदत संपली ते आमच्या लक्षातच आलं नाही. तुमचं पत्र आज वाचलं. परवानगी कसली मागता? त्यांनी हौसेने दिलं असतं. आमच्याकडे एकही प्रत नाही. तुम्ही उतरवून ठेवलं असेल तर आम्हाला पाठवाल का? त्यांचा आवाज तरी ऐकू."

'तरी मी सांगत होते' हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. ताईंचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं.

विज्ञानाच्या सरांना विचारलं, बडबडीला आकृत्या समजावून सांगाल का, तर त्यांचं एकच पालुपद, पोर्शन संपायचाय. मग ताई स्वतःच पुस्तक घेऊन बसल्या. बडबडी समोर बसली, सवयीने बोट वर करून.

"आकृतीत दाखवल्याप्रमाणे..." ताई थांबल्या. "इथे एक डबा आहे. त्याला बाण आहेत. दोन. नाही, तीन."

"कुठून कुठे, बाई?"

ताईंनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मला नाही गं सांगता येत, बाळा," ताई म्हणाल्या.

बडबडीचं बोट हवेत तसंच राहिलं.