मास्तरांची तहान

"सकाळी मी भरून ठेवलेली मास्तरांची बाटली आहे ही, मावशी. घोटभरसुद्धा कमी झालेली नाही."

"मग काय करू? नरड्यात ओतू त्यांच्या?"

"विचारलंत का, पाणी हवंय का म्हणून?"

"ऐका! परवा आलेली पोर मला काम शिकवते! तुझं नाक दुसरं कुणी पुसत होतं ना, तेव्हापासून मी इथे माणसं कुशीवर वळवतेय."

"ओठांची सालपटं निघालीत त्यांच्या."

"मग तूच जा की! तुझ्याच हातचं पाणी गोड लागतं त्यांना. माझ्या हाताला विष लागलंय."

भांडण चाललं होतं चादरींच्या खोलीत. एकाच चादरीची दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे. घडीसाठी जवळ यायचं आणि बोलण्यासाठी मागे सरायचं. शेवटी थोरलीने आपली टोकं सोडून दिली आणि चादर फरशीवर लोळली.

या थोरलीला वृद्धांच्या त्या केंद्रात सगळे 'सरकार' म्हणत. कमरेला किल्ल्या, चालण्यात ऐट आणि आवाज असा, की स्वयंपाकघरातून बोलल्या तरी वरच्या मजल्यावर कळावं आज कोण जेवलं नाही. कामाला वाघीण. आडदांड माणसाला एकटीने अंथरुणात वळवायच्या, तेही त्याला न दुखवता. आजवर कुणावर हात उगारला नव्हता आणि हे त्या दिवसातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवत. घरी नवरा टीव्हीशी बोले, मुलगा मोबाइलशी. इथे मात्र बेल वाजायची ती त्यांच्यासाठी. "सरकार कुठे आहेत?" हे ऐकलं की त्यांचे दुखरे गुडघेसुद्धा दुखायचे थांबत.

कोपऱ्यातल्या खोलीतले टेलरमास्तर तर खास त्यांचे. उभा जन्म कात्रीसोबत गेलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी सरकारांच्या अॅप्रनकडे बघून नाक मुरडलं होतं. "हा खिसा कोणी लावला हो? त्याला तुरुंगात टाका." मग थरथरत्या हातांनी नवा खिसा शिवून दिला होता. तो खिसा सरकार पदकासारखा मिरवत.

आणि मग आली भिंगरी, आज चादरीची दुसरी टोकं धरलेली हीच पोर. नाव तिचं दुसरंच, पण चालायची अशी की तेच चिकटलं. महिनाभरातच मास्तर तिच्या सैल अॅप्रनला कमरेत टाके घालताना सरकारांनी पाहिले. दोघं हसत होते. सरकार दारात आल्या आणि मास्तरांनी हसणं आवरलं.

एवढंच झालं. पण ते सरकारांच्या पोटात असं जाऊन बसलं, की रात्रीचं जेवणही त्याच्यावरून खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लघवीचं भांडं मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडून चालेल का? की तुमच्या लाडकीला बोलावू?" मास्तर कसनुसं हसले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पुन्हा ओलं? लहान बाळ परवडलं." आणि मग रोजच. चारचौघांत नाटकी सुरात, दार सताड उघडं ठेवून, "या हो सगळे, आमच्या नवरदेवांनी चादर भिजवली! लाडकी सुटीवर ना, मग सरकारांच्याच नशिबी हे!" कुणीकुणी हसे. मास्तर चादर हनुवटीपर्यंत ओढत.

हळूहळू मास्तरांनी दुपारी, सरकारांच्या पाळीत, बेल वाजवणं बंद केलं. सरकारांची दुपार मग जळफळण्यात जाई. म्हणजे बघा, मी असताना काही नको, ती आली की तांब्याभर पाणी! तहानसुद्धा तिच्यासाठी राखून ठेवतात! आणि त्या आणखी टोचून बोलत.

चादर फरशीवर तशीच असताना मोठ्या सिस्टर दारात आल्या. "सरकार, माझ्या खोलीत या जरा."

"हिने कान भरले ना तुमचे?" खोलीत शिरताच सरकारांनी विचारलं.

"ती काल बाहेरून जात होती. तिने तुमचं बोलणं ऐकलं. मग मी मास्तरांशी एकटीच बोलले, दार लावून."

"काय म्हणाले?" सरकार खुर्चीच्या टोकावर आल्या. "माझं नाव घेतलं?"

"घेतलं ना. म्हणाले, त्या फार चांगल्या आहेत, मीच त्यांना त्रास देतो."

सरकारांचा चेहरा उजळला. "बघा! मी म्हणत नव्हते? त्यांच्या मनात आहे माझ्याविषयी."

"मला हेच ऐकून झोप आली नाही," सिस्टर म्हणाल्या. "माणूस स्वतःलाच त्रास म्हणायला लागला, की समजावं कुणीतरी रोज त्याच्या कानात ते घालतंय."

"अहो, गंमत करते मी! म्हाताऱ्यांना हसवावं लागतं."

"असं? मग मला हसवा." सिस्टरांनी उठून दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात दोघीतिघी आजी बसल्या होत्या. सिस्टर परत येऊन खुर्चीत बसल्या, टेबलावरचं फडकं मांडीवर घेतलं आणि हनुवटीपर्यंत ओढलं. "मी मास्तर. माझी चादर ओली आहे. करा गंमत. त्याच आवाजात."

सरकार हसल्या. "काहीतरीच तुमचं."

सिस्टर हसल्या नाहीत.

सरकारांनी घसा साफ केला. "या हो..." एवढं निघालं. पुढचा शब्द जिभेवर होता, रोजचाच होता, पण समोरच्या मांडीवरचं फडकं बघून तो बाहेर येईना. व्हरांड्यातल्या आजी इकडे बघू लागल्या होत्या.

"तुम्ही हात उगारत नाही, मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण ते पाणी का पीत नाहीत, कळलं का तुम्हाला? भिंगरीसाठी नाही. पाणी प्यायलं की भांडं लागतं. भांडं लागलं की बेल वाजवावी लागते. आणि दुपारी बेल वाजवली की तुम्ही येता."

"आजपासून त्यांची खोली तुमच्याकडे नाही. वर कळवणं मला भाग आहे, तेही कळवेन. तुम्हाला काय सांगायचंय ते तुम्हीही सांगा." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "त्यांची माफी मागायची असेल तर मी बरोबर येते. पण आधी त्यांना विचारेन. ते नको म्हणाले, तर नको."

सरकार म्हणाल्या, "खोली कुणाला देणार? तिलाच ना?"

"सरकार, मी काय विचारलं? माफी मागाल?"

सरकार उठल्या. कमरेच्या जुडग्यातून कोपऱ्यातल्या खोलीच्या कपाटाची किल्ली त्यांनी काढली. ती टेबलावर ठेवून, सिस्टरांकडे न बघता त्या बाहेर निघून गेल्या.