गंजी आतून जळाली होती

ती आग आजही आठवते, आणि जिच्या नावावर ती खपवली जात होती ती वस्तीही. कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. दारव्ह्याकडच्या एका बाजारगावात मी ठाणेदार होतो. जिनिंग कारखान्यासमोर बैलगाड्यांची रांग लागायची आणि शेतकरी गाडीतल्या कापसावरच घोंगडी पांघरून झोपायचे.

बाजाराच्या दिवशी सकाळी, गाडी रिकामी करताना, एका शेतकऱ्याने बौद्ध वस्तीतल्या हमालाला पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही. हमाल म्हणाला, "पाहून घेईन." दुपारी त्याच शेतकऱ्याच्या कापसाच्या गंजीतून धूर निघाला. झालं! कोणी काही पाहिलं नव्हतं, पण गुन्हेगार साऱ्या बाजाराला ठाऊक होता.

चहावाली बाई ठाण्यात आली. "साहेब, पोट्टे रॉकेलचे डबे घेऊन वस्तीकडं जाऊन राह्यले."

मी कुमक मागवली, होते तेवढे शिपाई वस्तीच्या रस्त्यावर लावले आणि हमालाला ठाण्यात आणलं. बाहेर जमाव त्याला मागत होता.

"धमकी दिली होतीस?"

"देली साहेब. तहान लागली होती, राग आला. पण आग म्या नाही लावली."

लबाड माणूस आधी धमकीच नाकारतो. पंच घेऊन मी गंजीवर गेलो. वरचा बराच कापूस अजून पांढरा, आतला मात्र काळाठिक्कर. बाहेरून काडी लावली तर आधी वरचं जळतं. म्हणजे विस्तव कापसाबरोबरच गंजीत आला होता.

शेतकऱ्याला बोलावलं. "काका, रात्री गाडीवरच झोपलात ना? ती घोंगडी दाखवा."

घोंगडीला जळकं भोक होतं. "थंडी होती साहेब. बिडी वढता वढता डोळा लागला. सकाळी भोक दिसलं, वाटलं इझली असंन."

"मग त्या हमालाचं नाव काहून घेतलं?"

"म्या नाही घेतलं. लोकायनं घेतलं. म्या गप राह्यलो."

मला त्या गप राहण्याचा विलक्षण संताप आला. त्यांना ठाण्याच्या पायरीवर उभं केलं आणि म्हटलं, आता बोला. ते बोलले. माझं कोणी ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. लोक बाजाराच्या पिशव्या उचलून पांगले. पण तोवर मागच्या पांदणीतून, शेतांमधल्या अरुंद वाटेने, शिरलेल्या टोळक्याने वस्तीतली दोन घरं पेटवली होती. एक हमालाचं होतं.

पेटवणाऱ्यांना अटक केली, गुन्हे नोंदवले. हमालाला म्हटलं, "तू मोकळा आहेस, घरी जा."

"समदे घरी गेले साहेब. मी कुठी जाऊ?"

प्रशिक्षणात अमेरिकेतल्या शहरांमधल्या काळ्या-गोऱ्यांच्या दंगली शिकवल्या होत्या. एक अफवा उठते आणि काळ्यांची वस्ती जळते, असं मास्तर सांगायचे. तेव्हा ते दूरदेशीचं वाटलं होतं. अफवेला पुरावा लागत नाही, मनात आधीपासून असलेला माणूस पुरतो, हे मी त्या गंजीपाशी शिकलो. पुढे कुठेही दंगल शमल्याचा निरोप आला, की मी एवढंच विचारायचो: आज घरी कोणाला जाता आलं नाही?